नवं धोरण आलं, की भाषेच्या शिक्षकाच्या हातून काय जातं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अनुदानित माध्यमिक शाळेत तुम्ही बारा वर्षं मराठी शिकवताय. दर दोन-तीन वर्षांनी नवा शासन निर्णय येतो, नवं प्रशिक्षण होतं, मूल्यमापनाची नवी पद्धत येते. नोकरीला लागलात तेव्हा तुम्ही 'मराठीच्या बाई' होता. आता प्रशिक्षणात तुम्हाला 'सुलभक', म्हणजे मुलांना शिकायला मदत करणारी, म्हणतात, शाळेत तुमचा निम्मा वेळ माहिती भरण्यात जातो आणि सेमी इंग्रजीच्या मागे लागलेल्या पालकांना तुमचा विषय दुय्यम वाटतो. 'या सगळ्यात मी शिक्षक म्हणून नेमकी कोण उरले, आणि हे सगळ्याच भाषाशिक्षकांचं होतं का?' असं तुम्ही विचारलंय.

होतं. मात्र सगळ्यांचं एकसारखं होत नाही, आणि त्यातला फरक समजून घेण्यासारखा आहे. शिक्षकाची ओळख शासन निर्णयाने बदलत नाही, प्रशिक्षणात मिळालेल्या नव्या बिरुदानेही नाही. वर्गातला कोणता निर्णय तिच्याकडे राहिला आणि कोणता दुसऱ्याकडे गेला, यावर ती बदलते. कोणतं उत्तर चांगलं, कोणत्या मुलाला वाचता येतं, वर्गात कोणती बोली चालते, हे ठरवायचं कोणी? सुधारणेचं नाव काहीही असो, मी आधी हे तपासते. वर्गात आणि नंतर प्रशिक्षणांत बरीच वर्षं काढल्यावर माझं हे मत पक्कं झालं आहे.

भाषेच्या शिक्षकाला हे जास्त का लागतं, ते आधी पाहू. गणिताचा अभ्यासक्रम बदलला तरी गणिताच्या शिक्षकाचं बोलणं, त्याचे उच्चार, त्याची वाचनाची ढब यांना कोणी हात लावत नाही. भाषेच्या शिक्षकाच्या बाबतीत शिकवण्याचं साधन आणि शिकवण्याचा विषय एकच असतो. कविता मोठ्याने वाचताना ती कुठे थांबते, ऱ्हस्व-दीर्घाबद्दल किती काटेकोर आहे, फळ्यावरचं तिचं अक्षर कसं आहे, यावरच वर्गात तिचा दरारा असतो. आपल्यातले कितीतरी जण खेड्यातून, वाडीवस्तीवरून आलेले आहेत. घरी वेगळी बोली बोलत प्रमाण मराठी त्यांनी कष्टाने कमावली. डी.एड.-बी.एड.च्या वर्गात त्यांच्या 'न' आणि 'ण'वर कोणी हसलंही असेल. अशा माणसाला एका प्रशिक्षणात दोन तासांत सांगितलं जातं, की आता शुद्धतेपेक्षा अभिव्यक्तीला महत्त्व द्या, मुलांची बोली वर्गात येऊ द्या. तत्त्व म्हणून हे अगदी बरोबर आहे आणि मी त्याच्या बाजूची आहे. पण ऐकणाऱ्याच्या मनात काय होतं, हे सांगणाऱ्याने जाणलं पाहिजे. ज्या गोष्टीसाठी मी स्वतःला बदललं, तीच आता गरजेची नाही म्हणताय, असं त्याला वाटतं. त्या क्षणी तो विरोध करतो तेव्हा त्याला नवी पद्धत समजलेली नाही असं मानणं चूक ठरेल. त्याला ती नेमकी समजलेली असते.

दुसरं एक कारण आहे. डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये एक साधी गोष्ट दाखवून दिली होती: शिक्षक होण्याआधीच माणसाने हजारो तास शिक्षकांना जवळून पाहिलेलं असतं, आणि शिकवणं म्हणजे काय याची कल्पना तो तिथूनच घेऊन येतो. मराठीच्या शिक्षकांना विचारून बघा. बहुतेक जण आपल्या शाळेतल्या एखाद्या सरांचं किंवा बाईंचं नाव सांगतील, ज्यांच्या तोंडून कविता ऐकताना वर्ग स्तब्ध व्हायचा. आपल्याला 'तसं' व्हायचं होतं. त्या चित्रात मुलं ऐकत असतात आणि शिक्षक बोलत असतो. नव्या धोरणात मुलं बोलतात आणि शिक्षक ऐकतो. हे अंतर एका पुस्तिकेने मिटत नाही.

आता आपल्याकडच्या सुधारणांकडे पाहू. वर सांगितलेली गोष्ट तिथे प्रत्यक्ष दिसते.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आठवीपर्यंत आकारिक (वर्षभर वर्गात चालणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटी परीक्षेने होणारं) असे दोन भाग झाले. पहिली-दुसरीला आकारिकचा भार ७० टक्के होता, वरच्या वर्गात तो कमी कमी होत सातवी-आठवीला ४० टक्क्यांवर आला. निरीक्षण, तोंडीकाम, उपक्रम, प्रकल्प अशी साधनं दिली गेली आणि शिवाय शिक्षकाने प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंद लिहायची होती. भाषाशिक्षकाच्या दृष्टीने हा फार मोठा अधिकार होता. मूल कसं बोलतं, कुठे अडतं, काय वाचतं, हे तिने स्वतःच्या शब्दांत लिहायचं आणि ते अधिकृत धरलं जायचं.

पुढे काय झालं ते तुम्हीही पाहिलं आहे. तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या, मग पीडीएफ आल्या. 'लक्षपूर्वक ऐकतो', 'कवितेचे तालासुरात गायन करतो', 'बोलण्याची भाषा लाघवी व सुंदर आहे'. एकाच वर्गाच्या नोंदवहीत ही वाक्यं आळीपाळीने मुलामुलांपुढे पडलेली दिसायची. याला आळस म्हणणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. पन्नास मुलं, एवढे विषय, प्रत्येकाच्या दोन सत्रांच्या नोंदी, आणि तपासायला येणारे साहेब नोंद भरली आहे का एवढंच पाहणार. नोंद खरी आहे का, हे विचारणार नाहीत. म्हणजे शासन निर्णयाने दिलेला अधिकार तपासणीच्या तक्त्याने काढून घेतला.

याचा ओळखीवर काय परिणाम झाला? तीच शिक्षिका स्टाफरूममध्ये चहा घेता घेता अचूक सांगते, की अमुक मुलगा जोडाक्षर आलं की तो शब्द गाळून पुढे जातो आणि मग वाक्याचा अर्थ अंदाजाने जुळवतो. यापेक्षा चांगलं निदान कोणतीही चाचणी देणार नाही. पण त्याच मुलाच्या नोंदीत ती 'सुवाच्य अक्षरात लेखन करतो' असं लिहिते. तिच्यातली जाणकार शिक्षिका कागदावर येतच नाही. वर्षानुवर्षं असं झालं की ती स्वतःसुद्धा कागदावरच्या शिक्षिकेलाच खरी मानू लागते. तुम्ही जे 'कोण उरले' म्हणताय, ते बहुधा या ठिकाणचं आहे.

माध्यमिकमध्ये हाच प्रश्न कृतिपत्रिकेने, म्हणजे कृतींवर आधारलेल्या नव्या प्रश्नपत्रिकेने, वेगळ्या रूपात आणला. नववीचं नवं पाठ्यपुस्तक २०१७ ला आलं, दहावीचं २०१८ ला, आणि मार्च २०१९ मध्ये दहावीची पहिली बोर्ड परीक्षा त्या धर्तीवर झाली. कुमारभारती या मराठीच्या पाठ्यपुस्तकाच्या आताच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत २४ गुण उपयोजित लेखनाला दिले आहेत. गद्य-पद्य विभागांत आकलनाच्या कृतींबरोबर स्वमत (मुलाने स्वतःचं मत लिहायचं) आणि कवितेचं रसग्रहण आलं. 'कोण कोणास म्हणाले' आणि 'संदर्भासहित स्पष्टीकरण' यांवर पोसलेली आमची पिढी. आपल्याला उत्तर माहीत असतं आणि मुलाला ते द्यायचं असतं, हीच आमची शिकवण्याची समजूत. स्वमताचं उत्तर शिक्षकाला आधी माहीतच नसतं. तिला ते मुलाकडून वाचावं लागतं.

दोन शाळांनी सराव परीक्षेचे पेपर एकमेकींत बदलून तपासले, तेव्हाचा एक प्रसंग सांगते. उतारा श्रमाच्या महत्त्वावर होता. स्वमताच्या कृतीला ३ गुण. एका मुलाने लिहिलं होतं: 'माझी आई ऊसतोडीला जाती. तिला कोण महत्व देत नाही. पुस्तकात देतात. गावात देत नाहीत.' एवढंच. एका बाईंनी १ गुण दिला, दुसऱ्या शाळेतल्या सरांनी ३. बाईंचं म्हणणं, अपेक्षित मुद्दे नाहीत, लेखन अशुद्ध आहे, उत्तर तोकडं आहे. सरांचं म्हणणं, उताऱ्यातला विचार मुलाने स्वतःच्या जगण्याला लावून पाहिला आणि त्यातली विसंगती पकडली, याहून वेगळं स्वमत काय असतं? बराच वेळ वाद झाला. शेवटी बाई म्हणाल्या, 'मग मी कशावर गुण देऊ, ते तरी सांगा.' त्या चिडून म्हणाल्या खऱ्या, पण त्या दिवशी त्या खोलीत याहून मोलाचा प्रश्न कोणी विचारला नाही. त्यावर आम्ही फळ्यावर लिहायला लागलो: मत आहे का, मताला कारण किंवा उदाहरण आहे का, उताऱ्याशी नातं आहे का. शुद्धलेखन इथे की भाषाभ्यासात, यावर पुन्हा वाद. अखेर त्या उत्तराला २ गुण ठरले आणि कारणासह ठरले. मला स्वतःला अजूनही ३ योग्य वाटतात. पण त्या बाईंनी पुढच्या गठ्ठ्यात एका उत्तरापुढे समासात लिहिलं, 'मत पटले नाही, पण कारण नीट दिले आहे', आणि पूर्ण गुण दिले. शिक्षिकेची ओळख बदलते ती अशी. समोर खरं उत्तर आणि शेजारी वाद घालणारा सहकारी असेल, तर बदलाला फार वेळ लागत नाही.

पण मार्च २०१९ च्या त्याच परीक्षेच्या वर्षी उलट दिशेनेही एक गोष्ट घडली. दहावीच्या भाषा विषयांचे अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण काढून टाकले होते. शाळा हे गुण सढळ हाताने वाटतात, अशी तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. राज्याचा निकाल २०१८ च्या ८९.४१ टक्क्यांवरून २०१९ ला ७७.१० वर आला, आरडाओरडा झाला, आणि पुढच्या वर्षापासून ते गुण पुन्हा सुरू झाले. या सगळ्या चर्चेत निकाल होता, अकरावीचे प्रवेश होते, इतर मंडळांच्या मुलांशी तुलना होती. श्रवण आणि भाषण ही भाषेची अर्धी अंगं आहेत आणि ती फक्त वर्गशिक्षकालाच तपासता येतात, हा मुद्दा मागे पडला. गुण काढले तेव्हा शिक्षकांना कळलं की आपल्यावर विश्वास नाही. परत दिले तेव्हाही कळलं, की विश्वास बसला म्हणून ते दिलेले नाहीत. त्या २० गुणांकडे आज बहुतेक शाळांत निकाल सावरण्याचं साधन म्हणून पाहिलं जातं, याचं मूळ तिथे आहे. मला याचं फार वाईट वाटतं, कारण मुलाचं बोलणं शांतपणे ऐकून त्यावर मत देणं हे भाषाशिक्षकाचं सर्वांत खास कौशल्य आहे.

प्राथमिकच्या शिक्षकांची कहाणी वेगळी आहे. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. ज्यांनी स्वतः पाचवीत ए-बी-सी-डी गिरवली होती, असे हजारो जण एका जूनमध्ये इंग्रजीचे शिक्षक झाले. 'मला इंग्रजी बोलता येत नाही' ही गोष्ट लपवत शिकवणं हा फार मोठा ताण असतो, आणि लपवणारा माणूस प्रयोग करत नाही, धडा वाचून भाषांतर करून पुढे जातो. पुढे शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांच्या 'तेजस' प्रकल्पात काही जिल्ह्यांत शिक्षकांचे छोटे गट झाले, आपण त्यांना 'टॅग' (टीचर ॲक्टिव्हिटी ग्रुप) म्हणायचो. जवळपासच्या शाळांतले शिक्षक ठरावीक काळाने भेटायचे, एखादी कृती करून पाहायचे, इंग्रजीत मोडकंतोडकं बोलायचे. समोर अधिकारी नाही, गुणांकन नाही. सहकाऱ्यांपुढे चुकत बोलायची सवय झाली की वर्गात मुलांच्या चुकाही सहन होतात. त्या गटांतून बाहेर पडलेले काही शिक्षक आजही स्वतःला 'इंग्रजी शिकवणारा' म्हणवून घेतात, ही लहान गोष्ट नाही.

त्याच प्राथमिक शिक्षकापुढे आता निपुण भारत हे लहान मुलांच्या पायाभूत वाचन-गणिताचं केंद्र सरकारचं अभियान आहे. जुलै २०२१ मध्ये ते सुरू झालं. तिसरीच्या मुलाने वयाला साजेसा अनोळखी मजकूर मिनिटाला किमान ६० शब्द या गतीने, अर्थ समजून वाचावा, असं त्यातलं लक्ष्य आहे. लक्ष्य वाईट नाही. वाचनाची गती फारच कमी असेल तर वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरली जाते, त्यामुळे गतीचा आणि आकलनाचा संबंध खरा आहे. अडचण अशी, की वाक्यातलं 'अर्थ समजून' मोजायला अवघड आणि '६०' मोजायला सोपं. मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं जातं, मूल धापा टाकत वाचतं, आकडा भरला जातो. शिक्षकाने एवढं जरी केलं, की मिनिट संपल्यावर पुस्तक मिटून 'काय झालं गोष्टीत?' असं विचारलं आणि उत्तराचा एक शब्द आकड्याशेजारी लिहिला, तरी त्या तक्त्यात ती शिक्षक म्हणून शिल्लक राहते.

पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा, म्हणजे हिंदीचा, गोंधळ तर ताजा आहे. १६ एप्रिल २०२५ चा शासन निर्णय, १७ जूनचा सुधारित, आणि २९ जूनला दोन्ही रद्द होऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती. पहिलीला हिंदी आणायला विरोध योग्यच होता असं माझं मत आहे. इथे मुद्दा एवढाच, की त्या अडीच महिन्यांत पाचवीपासून हिंदी शिकवणारे आपले सहकारी, ज्यांनी आयुष्यभर एक विषय प्रेमाने शिकवला, ते अचानक एका बाजूचे प्रतिनिधी ठरवले गेले. धोरणाच्या वादात भाषाशिक्षकाची ओळख त्याला न विचारता अशी रंगवली जाते.

आणि १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आठवीपर्यंतच्या, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) बंधनकारक केली. त्याबद्दल इथे एवढंच म्हणेन, की वीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या माणसाला पुन्हा उमेदवार व्हावं लागणं ही नुसती परीक्षेची भीती नसते, हे मुख्याध्यापकांनी समजून घ्यावं.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही सगळीकडे एकदम लढू नका. एक निर्णय निवडा आणि तो आपल्या हातून जाऊ देऊ नका. माध्यमिकला शिकवता म्हणून मी स्वमत सुचवेन. घटक चाचणीनंतर तुमच्या आणि शेजारच्या शाळेतल्या मराठीच्या शिक्षकांनी प्रत्येकी चार-पाच उत्तरं आणावीत, सगळ्यांनी स्वतंत्र गुण द्यावेत आणि मग ज्या उत्तरावर सर्वांत जास्त फरक पडला तेवढ्यावरच बोलावं. यासाठी आदेश लागत नाही, तास-दीड तास लागतो. मुख्याध्यापकांना सांगा की गुणदानात एकवाक्यता आणायची आहे. त्यांना ते पटेल, कारण पालकांच्या तक्रारी त्यांच्याकडेच येतात.

अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण निदान तुमच्या वर्गात खरे करा. सगळ्यांचं एका दिवसात उरकायचं म्हटलं की ते खोटं होणारच. रोज दोन मुलांचं बोलणं ऐका, तारीख टाकून एक ओळ स्वतःच्या शब्दांत लिहा. ती ओळ तयार यादीत सापडणारी नसावी, एवढंच पथ्य. मार्चपर्यंत तुमच्याकडे असं काही जमेल, जे कुठल्याही पोर्टलवर नाही.

विरोधाबद्दलही विचारलं होतंत: नव्या गोष्टीला नाही म्हणावंसं वाटतं, ते माझं अडेलपण का? स्वतःला एक विचारा. ही नवी पद्धत मला मुलाच्या अधिक जवळ नेते आणि तरीही मला नको आहे का? तसं असेल तर ती सवय बोलतेय, थोडं ढकला स्वतःला. पद्धत मुलापासून दूर नेऊन तक्त्याकडे नेत असेल तर तुमचा विरोध रास्त आहे. त्याबद्दल नुसतं स्टाफरूममध्ये कुरकुरू नका, केंद्रप्रमुखांकडे किंवा विस्तार अधिकाऱ्यांकडे लेखी द्या, नमुना उत्तरांसह. नमुना जोडलेला असला की बोलणं वेगळ्या पातळीवर जातं, हे मी बऱ्याचदा पाहिलं आहे.

'सुलभक' या नावाचं ओझं घेऊ नका. वर्गात कधी ऐकावं लागतं, कधी कविता अशी वाचावी लागते की मुलांनी नुसतं ऐकत राहावं. दोन्ही तुमचंच काम. तुमच्या सरांसारखं कविता वाचन सोडू नका. कोणत्याही धोरणाने ते सोडायला सांगितलेलं नाही, तसं सांगणाऱ्या प्रशिक्षकाने धोरण नीट वाचलेलं नाही.

शेवटचा तुमचा प्रश्न, तालुका पातळीवर तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून बोलावणं आलंय, जावं का. जरूर जा, पण वर्ग सोडून पूर्ण वेळ तिकडे जाऊ नका, निदान आता नको. आणि जाताना पीपीटी थोडी कमी न्या. आपल्या मुलांची दहा उत्तरं नावं झाकून झेरॉक्स करा, समोरच्या शिक्षकांना वाटा, पंधरा मिनिटं गप्प बसा आणि त्यांना गुण देऊ द्या. गुण फळ्यावर लिहून झाले, की कोणाचे जुळले नाहीत तिथून सत्र सुरू करा.